नवीन मॉडेल येईपर्यंत

६ जानेवारी, सोमवार

ही वही उच्चारबाईंनी दिली. हिचं बोलणं रोज कसं आहे ते लिहून ठेवा म्हणाल्या, दर पंधरा दिवसांनी त्या तपासणार. ते पुढच्या पानांपासून लिहितोय. हे मात्र वही उलटी धरून मागून लिहितोय, हे त्यांनी वाचायचं नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला सुतार. फळीवर पेन्सिलीने आकडे टाकण्यापलीकडे फारसं लिहिलेलं नाही. पण डोक्यातलं कुठेतरी उतरवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि हिला सांगावं तर जे सांगायचं ते हिच्याबद्दलच.

उच्चारबाई म्हणजे दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई. नाव लांबलचक आहे, म्हणून मी आपलं हेच म्हणतो. आज त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. नसांचा आजार आहे, जीभ आणि घशापासून सुरू झालाय. हळूहळू हिचं बोलणं जाईल. किती दिवसांत ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. काही महिने, म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "काका, एक गोष्ट आपल्या हातात आहे. काकूंचा आवाज साठवून ठेवता येतो."

लॅपटॉपमध्ये त्याची सोय असते. हिने दीडशे वाक्यं वाचायची, रोज थोडी थोडी. त्यावरून यंत्र हिच्यासारखा आवाज तयार करतं. पुढे बोलता येईनासं झालं की हिने काहीही टाइप करावं, यंत्र ते हिच्या आवाजात बोलतं. पण वाक्यं स्पष्ट हवीत. दवाखान्यात लॅपटॉप एकच आणि रांग मोठी. शिवाय ही दहा वाक्यांत दमते. "घरी व्हायला हवं, रोज सकाळी, ताज्या आवाजात. लॅपटॉप या आठवड्यातच घ्या," म्हणाल्या.

ही म्हणाली, "म्हणजे माझं तोंड बंद झालं तरी यांची सुटका नाही."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. बसमध्ये ही सारा वेळ बोलत होती, पुढच्या बाकावरच्या बाळाशीसुद्धा. हिने तीस वर्षं पाळणाघर चालवलं. बाळ दिसलं की हिला राहवत नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. इतकं बोलणारं माणूस गप्प कसं होईल? डॉक्टरांचंही चुकतं कधी कधी.

पैशांची अडचण नाही. लेकीने संध्याकाळीच खात्यात टाकले. कोणता घ्यायचा आणि कधी, एवढंच ठरायचंय.

९ जानेवारी, गुरुवार

दुकानात जाऊन आलो. दुकानदार ओळखीचा. त्याच्या दुकानाची सगळी मांडणी अठरा वर्षांपूर्वी मीच केली. एक फळी अजून वाकलेली नाही. आधी तीच बघून घेतली.

त्याने एक लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "मिस्त्री, तुम्हाला म्हणून खरं सांगतो. हा चांगला आहे, आज घेऊन जा. पण याचंच नवीन मॉडेल महिन्याभरात येतंय. बॅटरी जास्त, वजन कमी."

"मग मी काय करू?"

"घाई असेल तर हा घ्या. नसेल तर थांबा."

"घाई म्हणजे किती असली की घाई म्हणायची?"

तो म्हणाला, "ते मला कसं ठाऊक असणार? कुणाला हवाय?"

मी म्हटलं, लेकीला. का म्हटलं कोण जाणे. तोंडातून तेच निघालं.

नवीन मॉडेलचा छापील कागद तेवढा घेऊन आलो. त्यावर लांबी, रुंदी, जाडी सगळं मिलिमीटरमध्ये दिलंय. ही म्हणाली, "लॅपटॉप आणायला गेला होतात, चित्र घेऊन आलात."

१० जानेवारी

जावयाचा फोन आला. तो कंप्युटरमधलाच आहे. "बाबा, थांबलात तर बरं. नवीन मॉडेलमध्ये नजरेवर चालणारा कॅमेरा आतच बसवलाय. उद्या आईंचे हात चालेनासे झाले तरी नुसत्या डोळ्यांनी लिहिता येईल."

हात. हातांचं मला कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं बरं, आणि फोन ठेवला.

म्हणजे थांबण्यातच शहाणपण आहे. माझ्या धंद्यानेही मला हेच शिकवलं. विशीत असताना मी एकदा घाईने ओल्या लाकडाचं कपाट केलं. गिऱ्हाइकाचं लग्न तोंडावर होतं. तीन महिन्यांत दार फुगलं, लागेना. वस्तादाने ते कपाट मला पाठीवर परत आणायला लावलं, भर रस्त्यातून. म्हणाला, लाकूड तयार होतं तेव्हाच तयार होतं, गिऱ्हाइकाला घाई आहे म्हणून नाही. तेव्हापासून पन्नास वर्षं मी लाकूड मुरल्याशिवाय करवत लावली नाही, आणि माझं एकही दार पुन्हा अडलं नाही.

हिला सांगितलं, महिनाभर थांबू.

ही म्हणाली, "थांबा की. मी कुठे पळून चाललेय." मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "जीभ मात्र चाललीय."

१४ जानेवारी

लॅपटॉपसाठी पाट करायला घेतला. बारा वर्षं जपून ठेवलेली एक फळी होती, एकही गाठ नसलेली. खुर्चीच्या हातांवर बसेल, हिच्या छातीच्या उंचीला येईल, वर लॅपटॉपच्या मापाची खाच, म्हणजे हात थरथरला तरी यंत्र सरकायचं नाही. माप त्या छापील कागदावरून घेतलं. अर्ध्या मिलिमीटरचीही चूक नाही.

दिवसभर रंधा मारला. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

सांध्यांना सरस लावून शिकंज्यात आवळून ठेवलंय. चार दिवस हात लावायचा नाही. ही कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. "हे काय?"

"तुझ्या लॅपटॉपचं आसन."

"नवरदेवाचा पत्ता नाही आणि पाट मांडून ठेवलाय." मग त्या शिकंज्याकडे बघत म्हणाली, "तुमचा सरस वाळेपर्यंत मी वाळेन."

कारखाना म्हणजे आमची मागची खोलीच. ऐकू सगळं येतं. ही आत जाऊन गाणं म्हणायला लागली, आणि मधेच थांबली. दमली असेल.

२० जानेवारी, सोमवार

उच्चारबाईंकडे. त्यांनी वही उघडली. मी चौदाही दिवस लिहिलं होतं, 'बोलणं ठीक.'

"रोज ठीक, काका?"

"ठीकच आहे. मला सगळं कळतं ती काय बोलते ते."

"तुम्हाला कळणारच. चाळीस वर्षं ऐकताय." त्यांनी हिला एक उतारा वाचायला दिला आणि घड्याळ लावलं. ही वाचत होती तेव्हा मी भिंतीवरचा जिभेचा तक्ता बघत होतो. वाचून झाल्यावर बाईंनी आकडा लिहिला आणि वही माझ्याकडे फिरवली. मागच्या वेळी मिनिटाला एकशे अठरा शब्द, आज सत्त्याण्णव.

मी नवीन मॉडेलचं सांगितलं. कॅमेऱ्याचं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, डोळ्यांचा कॅमेरा नंतर बाहेरून लावता येतो. आवाज नंतर लावता येत नाही."

मला राग आला. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांना काय, रोज नवा पेशंट. आम्हाला एकच वस्तू घ्यायचीय, एकदाच. चुकीची घेतली तर पुन्हा घेणं व्हायचं नाही. बाहेर आल्यावर हिला म्हटलं, "तुझी कवळी सैल झालीय, त्यामुळे शब्द घसरतात. दातवाल्याकडे जाऊ."

हिने माझ्या शर्टाच्या खांद्यावरचा भुसा झटकला.

२३ जानेवारी

दातवाला म्हणाला कवळी घट्ट आहे. मी म्हटलं पुन्हा एकदा बघा. त्याने पुन्हा बघितली.

संध्याकाळी लेकीचा फोन. तिने आईला तीनदा विचारलं, "काय? आई, काय म्हणालीस?" मग मला म्हणाली, "बाबा, अजून घेतला नाहीत?" मी म्हटलं तुमचा फोनच खराब आहे, आवाज घोगरा येतो. ती म्हणाली, "तुमचा नीट येतोय, बाबा."

पुढच्या पानावर आज काय लिहावं कळेना. 'बोलणं ठीक, फोन खराब,' असं लिहिलं.

२७ जानेवारी

पाट झाला. चार हात पॉलिश मारलं. हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा वाटतो. रिकामी खाच मात्र बघवत नाही, म्हणून वर फडकं टाकून ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज घ्यायचाच असं ठरवून निघालो होतो. जो असेल तो. सकाळी हिला तसं सांगितलं आणि गेलो.

दुकानात माझ्यापुढे एक गृहस्थ भांडत होते. त्यांनी हेच मॉडेल दहा दिवसांपूर्वी नेलं होतं, ते चालता चालता बंद पडत होतं. दुकानदार म्हणाला हजारात एक निघतो, बदलून देतो. पण मी मनात म्हटलं, एक एक वाक्य वाचायला हिचा जीव जाणार, शंभर वाक्यं झाली आणि हा डबा बंद पडला तर? ती वाक्यं पुन्हा कुठून आणायची?

"नवीन कधी येतंय?" मी विचारलं.

"जरा लांबलं, मिस्त्री. आता या महिन्याच्या मध्याला म्हणतात."

म्हणजे पंधरा दिवस. एवढे थांबलो तसे अजून पंधरा.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. ही खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, चष्मा पुसून ठेवलेला, शेजारी कोमट पाण्याचा पेला. पाटावरचं फडकं काढून तो खुर्चीच्या हातांवर मांडला होता. शेजारीण बाहेर भेटली होती, म्हणाली होती, "आज वहिनी सकाळपासून कुणाशी बोलल्याच नाहीत, खुणेनेच सगळं. घसा बसलाय का?"

ही माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघत होती. मी त्या भांडणाऱ्या गृहस्थांचं सांगितलं, तारीख लांबल्याचं सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं.

"दिवसभर राखून ठेवला होता," ही म्हणाली. "आता कुठेतरी वापरायला हवा." आणि लेकीला फोन लावून अर्धा तास बोलत बसली. एकेक शब्द जागेवर पडत होता. मला आतल्या खोलीत स्पष्ट ऐकू येत होतं.

पाट उचलून पुन्हा कारखान्यात नेऊन ठेवला. मी शहाणपणाने वागतोय की काय करतोय, मला कळत नाही. हे पहिल्यांदाच लिहितोय.

८ फेब्रुवारी

दुपारी चहा पिताना हिला ठसका लागला आणि थांबेचना. चेहरा निळा पडला. मी पाठीवर थोपटत होतो, ते चूक की बरोबर तेही कळत नव्हतं. शेजारणीने गाडी बोलावली. दवाखान्यात ठेवून घेतलं.

११ फेब्रुवारी

चहा फुप्फुसात गेला. ताप आहे. नाकात नळी. हिचं काय चाललंय ते बघायला येणारा प्रत्येक जण आधी हिला विचारतो, मग माझ्याकडे वळून म्हणतो, काय म्हणतायत त्या? मी सांगतो. पाणी हवंय. उशी वर करा. दिवा डोळ्यांत येतोय.

सकाळपासून नऊ वेळा सांगितलं. मीच आता हिचं यंत्र झालोय, आणि मला हिचा आवाज येत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घरी आणलं. ताप उतरला. जेवण पातळ करून, चमच्याने. बोलणं उतरलंय. पुढच्या पानावर 'ठीक' लिहायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. लिहिलं, 'मला कळतं. इतरांना कळत नाही.' खरं तर आज दोनदा मलाही कळलं नाही. मी मान हलवली, आणि हिच्या लक्षात आलं.

शेजारणीला बसवून तडक दुकानात गेलो.

"तो द्या," म्हटलं. "आहे तो."

"मिस्त्री, नवीन परवा येतोय. आता खरंच परवा. गाडीत माल चढला."

"परवाचं मला सांगू नका."

"अहो, इतके दिवस थांबलात, दोन दिवसांनी लेकीचं काय बिघडणार आहे?"

तेव्हा सांगितलं. बायकोचा आवाज ठेवायचाय म्हणून. त्याने डबा फडताळातून काढता काढता हात तसाच ठेवला. मग म्हणाला, "मला आधी का नाही बोललात? मी तुम्हाला त्याच दिवशी बळेच गळ्यात घातला असता."

त्याने दुकान नोकरावर सोडलं आणि डबा घेऊन माझ्याबरोबर घरी आला. सगळं जोडून दिलं. जाताना हिला म्हणाला, "वहिनी, उद्यापासून सुरू." हिने काहीतरी उत्तर दिलं. तो हसला आणि माझ्याकडे बघायला लागला. ही म्हणाली होती, "तुमच्या मिस्त्रींना मुहूर्त मिळाला." मी त्याला ते सांगितलं, तेव्हा तो पुन्हा हसला, या वेळी कळून.

१८ फेब्रुवारी

लॅपटॉप पाटाच्या खाचेत बसत नाही. बसणार कसा, खाच नवीन मॉडेलच्या मापाची. हा त्याहून दोन बोटं जास्त रुंद.

ही खुर्चीत तयार होऊन बसलेली. खाच वाढवायची तर पटाशीने कोरायला अर्धा दिवस, वर पॉलिश. मी पाट बाहेर नेला, करवत घेतली आणि एका बाजूची कड खसाखसा कापून टाकली. माप घेतलं नाही. रेघसुद्धा मारली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. कड खडबडीत राहिली. त्यावर हिचा रुमाल घडी करून ठेवला आणि लॅपटॉप मांडला.

नऊ वाजता सुरू केलं. दहा वाजता ही झोपली. यंत्राने दोन वाक्यं घेतली.

२० फेब्रुवारी

पडद्यावर वाक्य येतं. हिने वाचायचं. यंत्राला पटलं तर हिरवी खूण, नाही तर लाल, 'पुन्हा बोला.' वाक्यं कुणी लिहिली देव जाणे. 'गेल्या वर्षी उद्योगांच्या वाढीचा वेग मंदावला होता.' ही म्हणाली, "असं मी जन्मात बोलले नाही."

आज एकेचाळीस वेळा वाचलं. हिरव्या खुणा तीन. मी शेजारी बसून पेला धरतो, बटण दाबतो, पुन्हा दाबतो. अकराव्या लाल खुणेला मी यंत्रावर ओरडलो. हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

तीन दिवसांत सात झाली. दीडशे हवीत. अशाने किती दिवस लागतील तो हिशेब मी केला आणि मग कागद फाडला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उच्चारबाई घरी आल्या. नेहमी त्या कुणाच्या घरी जात नाहीत, मला माहीत आहे. कानाला लावायचं घेऊन त्यांनी हिची वाक्यं ऐकली, सगळी, हिरवी आणि लाल. मग ते कानावरून काढून हळूहळू तार गुंडाळत बसल्या.

"काकू, यातून आवाज तयार होणार नाही," त्या मला नाही, हिला म्हणाल्या. "आता तसा प्रयत्न नको करायला. तुम्हाला उगाच दमवायचं नाही."

हिने मान हलवली. हिला आधीच कळलं होतं.

मी विचारलं, "महिन्याभरापूर्वी झालं असतं?"

बाई तार गुंडाळायच्या थांबल्या. "झालं असतं, काका."

खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटलं. मग वाटलं, नाही, बरं केलं सांगितलं ते.

त्या म्हणाल्या, दुसरी एक वाट आहे. हिला हवी ती वाक्यं हिने बोलायची, जशी येतील तशी. यंत्र ती तशीच्या तशी ठेवतं. पडद्यावर चाळीस चौकोन असतात, एका चौकोनात एक वाक्य. चौकोन दाबला की तेच ऐकू येतं. नवीन काही बोलता येत नाही. जे भरून ठेवलं तेवढंच. "अगदी स्पष्ट नसलं तरी चालेल. माणूस ओळखू आला पाहिजे. पण काकू, लवकर. या आठवड्यात."

म्हणजे जिला सगळी भाषा मिळणार होती तिला आता चाळीस वाक्यं.

२६ फेब्रुवारी

कोणती वाक्यं ठेवायची ते ही कागदावर लिहिते, मग एक एक बोलते. मला वाटलं होतं काहीतरी मोठं लिहील, लेकीसाठी निरोप वगैरे. हिने पहिलं लिहिलं, 'खिडकी उघडा.' दुसरं, 'इतकी नको.'

मी म्हटलं, "अगं, चाळीसच आहेत. इतकी नको कशाला वाया घालवतेस?"

हिने कागदावर लिहिलं, 'तुम्ही नेहमी जास्त उघडता.'

दिवसभरात चौदा झाली. डॉक्टरांना उलट विचारू नका, हे आहे. बाळ कुणाचं हे, हेही आहे, शेजारची सून बाळाला घेऊन येते म्हणून. एकात हिला नुसतं हसायचं होतं, पण ठरवून हसू येईना. मग लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांनी न मोजता लाकूड कापलं हे खरं का?" तेव्हा आलं. मी बटण दाबून ठेवलं होतं, ते तेवढं बरोबर केलं.

१ मार्च, शनिवार

आज चाळिसावा चौकोन उरला.

मी सकाळी एका कागदावर वाक्य लिहिलं होतं. माझं अक्षर चांगलं नाही, पण दोनदा गिरवून लिहिलं. 'जे झालं त्यात कुणाची चूक नाही.' हिच्या कागदांच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

परत आलो तर ही तो कागद हातात धरून होती. मी म्हटलं, "असंच आपलं. म्हणायचं असेल तर म्हण."

हिने कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. मग बोलायला लागली. वेळ लागला. एक शब्द, मग दम, मग दुसरा. "खोटं... भरून... ठेवायचं नाही."

कापलेल्या कडेवरचा रुमाल सरकला होता, तो नीट केला. मला वाटलं ही रागावलीय, आणि रागावली असली तर बरोबरच आहे. हिने माझं बोट धरून बटणावर ठेवलं.

पहिल्यांदा आवाज फुटला. दुसऱ्यांदा ठसका लागला, थांबलो, पाठ चोळली. तिसऱ्यांदा हिने डोळे मिटून, घोट गिळून, जोर लावून म्हटलं आणि ते आलं. घोगरं, नाकातून, पण हिचंच. कुणीही ओळखेल.

"उशीर केलात. आता बसा इथे."

चौकोनाखाली नाव लिहावं लागतं. मी लिहिलं, 'बसा.'

३० मार्च, रविवार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. हिचा आवाज बारा तारखेला पूर्ण गेला. पुढच्या पानांवर आता लिहायचं काही नाही, बाईंनी वही मलाच ठेवून दिली.

डॉक्टर आले की ही बोटाने टाइप करते आणि यंत्र कुणा परक्या बाईच्या आवाजात बोलतं, घोषणा केल्यासारखं. त्या आवाजात ही मला एकदाही बोललेली नाही. माझ्यासाठी चौकोन. खिडकीचे दोन्ही रोज लागतात, आणि मी अजून जास्तच उघडतो.

आज दुकानदार आला होता. ते नवीन मॉडेल हातात घेऊनच. दारातच म्हणाला, "मिस्त्री, जुना द्या, हा ठेवून घ्या. कॅमेरा आतच आहे. वहिनींना पुढे सोपं जाईल."

"आतलं सगळं यात येईल?"

"येईल की. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे येतंच, मिस्त्री. पण मी शंभर टक्के कसं सांगू?"

मी तो हातात घेतला. खरंच हलका आहे. माझ्या पाटाची खाच याच्याच मापाची होती. मी म्हटलं, कॅमेरा बाहेरून किती दिवस चालेल. तो म्हणाला चालेल, पण आतला तो आतला. मी म्हटलं, समजा आज बदलला आणि ते चौकोन आलेच नाहीत. तो म्हणाला, मग आधी बाईंना विचारून घ्या. मी म्हटलं, बाई पुढच्या सोमवारी भेटतील, तोवर तुम्ही एक आठवडा हा बाजूला काढून ठेवता का? तो म्हणाला ठेवतो, पण याच्यापुढचंही मॉडेल दिवाळीआधी येतंय म्हणतात, तेही बघा. मी म्हटलं, असं? त्यात काय असणार आहे?

आतून आवाज आला.

"उशीर केलात. आता बसा इथे."

दुकानदाराने आत डोकावून बघितलं. हिचा आवाज त्याने ओळखला.

मी लॅपटॉप त्याच्या हातात परत दिला. म्हटलं, हाच राहू दे आम्हाला. दार लावलं, आत गेलो, हिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो.

हिने पुन्हा तोच चौकोन दाबला.

"बसलोय," मी म्हटलं.

तरी हिने अजून एकदा दाबला.